हजेरीची शेकडेवारी आणि संगणकावरील तक्ता

प्राथमिक शाळेच्या दप्तरात शेकडेवारीइतका वारंवार उपयोगी पडणारा गणिताचा दुसरा भाग क्वचितच असेल. मासिक पत्रकात हजेरीची शेकडेवारी, निकालपत्रकात गुणांची शेकडेवारी, वार्षिक माहितीत पटवाढीची शेकडेवारी, अशी ती शिक्षकाचा वर्षभर पाठपुरावा करीत असते. पूर्वी ही आकडेमोड कागदाच्या कपट्यावर होत असे व तीवरून पत्रक भरले जाई. हल्ली तेच पत्रक बहुतेक ठिकाणी संगणकावर अथवा मोबाइलवर, एक्सेलसारख्या तक्त्यात भरावयाचे असते आणि भागाकाराचे काम यंत्र करते. श्रम वाचले यात शंका नाही. परंतु भागाकार यंत्राकडे गेला म्हणजे कशाला कशाने भागावयाचे हा विचारही यंत्राकडेच गेला, असा एक समज नकळत रूढ होऊ पाहत आहे. यंत्राला भाज्य कोणते व भाजक कोणता हे कळत नाही. सांगितलेल्या दोन संख्यांचा भागाकार ते बिनचूक करते, मग त्या संख्या योग्य असोत वा नसोत. उत्तर नीटनेटक्या अक्षरांत व दोन दशांश स्थळांपर्यंत आलेले असल्याने त्याविषयी कोणी शंकाही घेत नाही.

शेकडा म्हणजे काय, हे शिक्षकास नव्याने सांगण्याचे कारण नाही. सरळव्याजाच्या उदाहरणांतील ‘दरसाल दरशेकडा’ हे शब्द प्रत्येकाने शाळेत असताना घोकलेले असतात. या रीतीचे मूळ आपल्याकडे फार जुने आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या आर्यभटीयात त्रैराशिकाची रीत दिली आहे, आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) शंभरास दरमहा अमुक व्याज असल्यास मुदलावर किती, अशा प्रकारची उदाहरणे आहेत. प्रमाण, फल व इच्छा या तीन राशी. फलास इच्छेने गुणावे व प्रमाणाने भागावे, एवढीच ती रीत. हजेरीची शेकडेवारी म्हणजे हेच त्रैराशिक होय. ४०० संभाव्य हजेऱ्यांपैकी २२० प्रत्यक्ष लागल्या, तर १०० पैकी किती? येथे ४०० हे प्रमाण, २२० हे फल आणि १०० ही इच्छा. उत्तर ५५. या तिन्ही राशींत इच्छा नेहमी शंभरच असते व फल हजेरीपटावरून मोजून मिळते. चूक होते ती बहुधा प्रमाण ठरविताना, म्हणजे भाजक निवडताना. पुढील विवेचनाचा बराचसा भाग या भाजकाविषयीच आहे.

संगणकावरील तक्त्याचा जन्म एका फळ्यापाशी झाला, ही गोष्ट शिक्षकवर्गास कौतुकाची वाटावी अशी आहे. अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन या विद्यार्थ्याच्या मनात ही कल्पना १९७८ च्या सुमारास आली. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा मोठा तक्ता मांडीत. त्यातील एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले पुढचे सारे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. एक आकडा बदलताच बाकीचे आपोआप बदलतील असा फळा करता आला तर? बॉब फ्रँक्स्टन या सहकाऱ्याच्या साहाय्याने त्याने तसा कार्यक्रम तयार केला व १९७९ साली तो ‘व्हिजिकॅल्क’ या नावाने ॲपल २ या संगणकासाठी बाजारात आला. एक्सेल त्यानंतरचे, १९८५ चे. आज शाळेत जो तक्ता वापरला जातो त्याचे सामर्थ्य अद्यापि या एकाच गोष्टीत आहे. उत्तर लिहावयाचे नाही. उत्तर कसे काढावयाचे ते सूत्ररूपाने लिहावयाचे. हजेरीचा आकडा दुरुस्त केला की शेकडेवारी आपण होऊन दुरुस्त होते. म्हणून जो शिक्षक मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर टक्केवारी काढून ती तक्त्यात टाइप करतो, त्याने संगणकाचा उपयोग केवळ शाईसारखा केला असे म्हटले पाहिजे.

आता प्रत्यक्ष तक्ता मांडून पाहू. तक्त्यातील उभ्या रकान्यांना रोमन अक्षरे व आडव्या ओळींना क्रमांक दिलेले असतात. दोहोंच्या छेदावरील चौकोनी घरास सेल म्हणतात. येथे रकान्यांची अक्षरे व सूत्रांची नावे देवनागरीत लिहिली आहेत; यंत्रावर ती रोमन लिपीत व इंग्रजी अंकांनी टाइप करावीत. पहिल्या ओळीत मथळे लिहावेत: ए रकान्यात इयत्ता, बी मध्ये पट, सी मध्ये संभाव्य हजेरी, डी मध्ये प्रत्यक्ष हजेरी व ई मध्ये शेकडा. दुसऱ्या ओळीपासून पाचव्या ओळीपर्यंत चार इयत्ता व सहाव्या ओळीत एकूण. महिन्याचे कामाचे दिवस बाजूस, जी१ या सेलमध्ये, एकदाच लिहावेत. उदाहरणासाठी एक काल्पनिक चार-वर्गी शाळा घेतली असून तिचे कामाचे दिवस २० धरले आहेत.

इयत्ता १ ली: पट ४, संभाव्य ८०, प्रत्यक्ष ७६.
इयत्ता २ री: पट ६, संभाव्य १२०, प्रत्यक्ष १०८.
इयत्ता ३ री: पट १०, संभाव्य २००, प्रत्यक्ष १६०.
इयत्ता ४ थी: पट २०, संभाव्य ४००, प्रत्यक्ष २२०.
एकूण: पट ४०, संभाव्य ८००, प्रत्यक्ष ५६४.

संभाव्य हजेरी म्हणजे पट गुणिले कामाचे दिवस. ती हाताने न लिहिता सी२ मध्ये =बी२*$जी$१ असे सूत्र लिहावे, आणि सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील लहानसा चौकोन धरून ते पाचव्या ओळीपर्यंत खाली ओढावे. या सूत्रातील डॉलरचे चिन्ह पाहून पुष्कळजण बिचकतात व ते गाळतात. त्याचा रुपयापैशाशी काही संबंध नाही. ‘सूत्र कोठेही नेले तरी हा सेल बदलू नये’ एवढाच त्याचा अर्थ. चिन्ह गाळले तर सूत्र एक ओळ खाली जाताच बी२ चे बी३ होते, जे हवेच असते. पण त्याबरोबर जी१ चे जी२ होते आणि जी२ रिकामा असतो. रिकाम्या सेलला यंत्र शून्य समजते, संभाव्य हजेरी शून्य येते, आणि पुढे ई रकान्यात शून्याने भागल्याची खूण उमटते. चूक सी मध्ये आणि तक्रार ई मध्ये, असा हा प्रकार असल्याने नवशिक्याचा वेळ भलत्याच ठिकाणी शोध घेण्यात जातो.

ई२ मध्ये =डी२/सी२ हे सूत्र लिहून तेही खाली ओढावे. उत्तर ०.९५ असे येईल. मग तो रकाना निवडून टक्क्याच्या चिन्हाचे बटण दाबले म्हणजे ९५% असे दिसू लागेल. येथे एक बारकावा आहे. टक्क्याचे बटण दाबल्याने सेलमधील संख्या बदलत नाही. आत ०.९५ हीच संख्या असते. यंत्र ती शंभरपट करून व चिन्ह जोडून केवळ दाखविते. कागदावर आपण शंभराने गुणतो, त्या सवयीने सूत्रातही *१०० लिहिले व वर टक्क्याचे बटणही दाबले, तर चौथीची हजेरी ५५ ऐवजी ५५००% दिसते. दोहोंपैकी एकच करावे, आणि त्यातही बटणाचा मार्ग पत्करावा हे बरे. कारण पुढे तुलना किंवा मोजदाद करावयाची झाल्यास संख्या सर्वत्र एकाच रूपात राहते. तसेच, आधीच लिहिलेल्या ८५ या संख्येवर बटण दाबल्यास ८५००% होते. मात्र आधी बटण दाबून नंतर त्या सेलमध्ये ८५ लिहिल्यास ८५% च राहते. हा फरक मनात ठेवला म्हणजे अर्धी भीती जाते.

५५००% ही चूक निदान डोळ्यांना खुपते. ज्याने यंत्रापूर्वी अंदाज बांधला असेल, ४०० चे निम्मे २०० आणि २२० त्याहून थोडे अधिक, त्यास ती क्षणात कळेल. सेलमध्ये ‘२०’ ऐवजी ‘२० दिवस’ असे लिहिणे हा मात्र गुप्त शत्रू होय. मग यंत्र त्यास संख्या न समजता शब्द समजते, आणि बेरजेचे सम हे सूत्र अशा सेलला मुकाट्याने वगळते. ओळख सोपी आहे: यंत्राने संख्या मानलेला मजकूर सेलमध्ये उजवीकडे टेकतो, शब्द मानलेला डावीकडे. बेरीज करण्यापूर्वी रकान्यावरून एकदा नजर फिरविणे पुरे.

आता एकूण शाळेच्या हजेरीकडे वळावयाचे. चार वर्गांची शेकडेवारी अनुक्रमे ९५, ९०, ८० व ५५ अशी आली. ई६ मध्ये काय लिहावे? येथे कित्येक पत्रकांत =एव्हरेज(ई२:ई५) असे सूत्र आढळते. चार आकड्यांची बेरीज ३२०, तिला चाराने भागून ८०%. पत्रक भरले, शाळेची हजेरी ८०%.

ही हजेरी ८०% नाही. खऱ्या हजेऱ्या ५६४ व संभाव्य ८००, म्हणजे ७०.५%. साडेनऊ टक्क्यांची ही तफावत भागाकार चुकल्यामुळे आलेली नाही, वर्गांची शेकडेवारी बिनचूक असूनही आलेली आहे. सरासरी काढताना चार मुलांच्या पहिलीला आणि वीस मुलांच्या चौथीला सारखेच वजन दिले गेले. पहिलीच्या एका मुलाचा आवाज चौथीच्या पाच मुलांइतका मोठा झाला. नियम असा की शेकडेवारीची सरासरी कधी काढू नये. मूळ संख्यांची बेरीज करावी व मग भागावे. ई६ मध्येही रकान्याच्या इतर सेलांप्रमाणेच =डी६/सी६ लिहावे, जेथे डी६ व सी६ या बेरजा आहेत. सर्व वर्गांचा पट अगदी सारखा असेल तेव्हा सरासरी व खरी शेकडेवारी जुळतात. परंतु तेव्हाही भागाकाराचा मार्ग बरोबरच असल्याने दुसरा मार्ग ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही. केंद्रातील दहा शाळांची एकत्रित हजेरी काढतानाही हेच लागू आहे. तेथे तर बारा मुलांची वस्तीशाळा व तीनशे मुलांची मोठी शाळा एका ओळीत येतात.

याचे एक खरे उदाहरण जनगणनेत सापडते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील पुरुषांत साक्षरता ८८.३८% व स्त्रियांत ७५.८७% होती. दोहोंची साधी सरासरी ८२.१३ च्या जवळ येते, तर राज्याची प्रत्यक्ष साक्षरता ८२.३४% होती. फरक लहान आहे, कारण स्त्रियांची व पुरुषांची संख्या एकमेकींच्या बरीच जवळ आहे. तरी पुरुष काहीसे अधिक असल्याने खरा आकडा त्यांच्या बाजूस झुकलेला दिसतो. सातवीच्या चुणचुणीत विद्यार्थ्यांपुढे हा प्रश्न ठेवून ‘सरासरीपेक्षा खरा आकडा मोठा का?’ असे विचारल्यास तासाचे सार्थक होईल.

परंतु ७०.५% हा बिनचूक आकडासुद्धा सर्व काही सांगत नाही. चौथीचा वर्ग अधिक जवळून पाहिला पाहिजे. २० मुले, २० दिवस, २२० हजेऱ्या. पत्रक वाचणारा मनाशी म्हणेल, मुले निम्मे-अधिक दिवस येतात, निम्मे दिवस दांडी मारतात. पालकांना समज दिली पाहिजे. आता त्याच वर्गाचा मुलागणिक तक्ता उघडला आणि त्यात असे दिसले की ११ मुले वीसच्या वीस दिवस हजर होती व ९ मुले एकही दिवस आली नाहीत, तर? ११ गुणिले २० म्हणजे २२०. शेकडेवारी तीच, ५५. पण ५५ टक्के हजर राहणारे एकही मूल त्या वर्गात नाही.

ही नुसती गणितातील गंमत नव्हे. दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) इत्यादी जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात कारखान्यांच्या परिसरात जातात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मुले त्यांच्याबरोबर जातात. अशा गावातील शाळेत नोव्हेंबरच्या पत्रकातील ५५ चा अर्थ ‘अनियमित मुले’ असा नसून ‘गावात नसलेली मुले’ असा असतो, आणि दोहोंवरील उपाय अगदी निराळे आहेत. अनियमित मुलाच्या घरी जाऊन पालकांशी बोलावयाचे. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी हंगामी वसतिगृहाची सोय पाहावयाची, किंवा ते जाणारच असेल तर त्याच्या हाती शिक्षण हमी कार्ड देऊन जेथे ते जाईल तेथील शाळेत त्यास बसता येईल असे करावयाचे. वर्गाची एकच शेकडेवारी पाहणाऱ्यास यातील कोणता उपाय हवा ते कळण्याचा मार्गच नाही.

म्हणून मुलागणिक तक्ता ठेवणे अवश्य आहे, व त्यावरून मोजदाद करणे यंत्रास अगदी सोपे आहे. दुसऱ्या शीटमध्ये दुसऱ्या ते एकविसाव्या ओळींत वीस मुलांची नावे, डी मध्ये हजर दिवस व ई मध्ये शेकडा मांडल्यास =काउंटइफ(ई२:ई२१,०) हे सूत्र एकही दिवस न आलेल्या मुलांची संख्या देईल: ९. कंसातील शून्याच्या जागी १ लिहिल्यास पूर्ण हजेरीची ११ मुले मिळतील. कारण १००% म्हणजे यंत्राच्या दृष्टीने १. येथे एक दक्षता घ्यावी. न आलेल्या मुलापुढे हजर दिवसांच्या रकान्यात ० असे लिहावे. जागा रिकामी ठेवू नये. एव्हरेज हे सूत्र रिकामे सेल हिशेबातच धरीत नाही. नऊ मुलांपुढे जागा रिकामी राहिली तर डी रकान्याची सरासरी उरलेल्या अकरांचीच निघते, म्हणजे वीसपैकी वीस दिवस, आणि निम्मा वर्ग परगावी असताना हजेरी पूर्ण शंभर टक्के भरते! तेथे शून्ये लिहिली तर सरासरी ११ दिवस येते, जी ५५ टक्क्यांशी जुळते. कागदावरच्या पटात रिकामी चौकट व शून्य यांचा अर्थ शिक्षकाच्या मनात एकच असतो. यंत्राच्या लेखी त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

याउलट, ज्या इयत्तेत यंदा एकही मूल नाही तिच्या ओळीत मात्र शेकडा शून्य लिहिणे चूक ठरते. ‘मुले नाहीत’ आणि ‘मुले आहेत पण आली नाहीत’ यांत अंतर आहे. तेथे =इफ(सी२=०,"",डी२/सी२) असे सूत्र वापरल्यास पट नसलेल्या वर्गापुढे जागा कोरी राहते व शून्याने भागल्याची खूणही उमटत नाही. लहान वाड्यांवरील शाळांत हा प्रसंग दरवर्षी येतो.

भाजकाचा आणखी एक प्रकार स्पष्ट सांगितला पाहिजे. त्याच शाळेत त्या नऊ मुलांची नावे पटावरून काढून टाकली तर काय होईल? पट ३१, संभाव्य हजेरी ६२०, प्रत्यक्ष हजेरी तीच ५६४. शेकडेवारी ७०.५ वरून एकदम ९०.९७ वर जाते. एकही मूल अधिक आलेले नाही, एकाही घराचे दार कोणी ठोठावलेले नाही. तरी शाळा तालुक्याच्या यादीत वर चढते. भाजक लहान केला की शेकडा मोठा होतो, हे तिसरी-चौथीतील मुलासही कळणारे सत्य आहे, आणि म्हणूनच आकडा एकाएकी सुधारलेला दिसला की तपासणाऱ्याने आधी खालची संख्या पाहावी, मग वरची. मूल दुसऱ्या शाळेत खरोखर दाखल झाल्याचे कळले असेल तर नाव कमी करणे रास्तच आहे. ते कळलेले नसताना कमी केलेले नाव म्हणजे ज्याचा शोध आता कोणीच घेणार नाही असे मूल.

वाढ व घट यांच्या शेकडेवारीतही भाजकच फसवितो. पट ५० वरून ४० वर आला तर घट २०%; तोच ४० वरून पुन्हा ५० झाला तर वाढ २५%. मुले दोन्ही वेळा दहाच. घट मोजताना भाजक ५०, वाढ मोजताना ४०. कारण भाजक नेहमी आधीची संख्या असतो. सूत्र =(नवी−जुनी)/जुनी असे, प्रत्यक्षात =(सी२-बी२)/बी२; कंस विसरल्यास यंत्र आधी भागाकार करते व भलतेच उत्तर येते. सरावासाठी महाराष्ट्राची लोकसंख्या घ्यावी: २००१ साली ९,६८,७८,६२७ व २०११ साली ११,२३,७४,३३३. सूत्र बरोबर असेल तर दशवार्षिक वाढ १५.९९% येईल, जनगणनेनेही तीच दिली आहे.

दोन शेकडेवारींमधील फरक सांगताना भाषा सांभाळावी. महाराष्ट्रातील स्त्री-साक्षरता २००१ साली ६७.०३% होती, ती २०११ साली ७५.८७% झाली. ही वाढ ८.८४ टक्क्यांची की १३.१९ टक्क्यांची? वजाबाकी केल्यास ८.८४ येतात, तीस ६७.०३ ने भागल्यास १३.१९%. पहिलीस टक्केबिंदूंची वाढ म्हणावे. दोन्ही आकडे खरे आहेत, परंतु कोणता सांगितला ते न सांगणे खरेपणाचे नाही. अहवालात शाळेची हजेरी ७० वरून ७७ झाली असेल तर ‘सात टक्केबिंदूंनी वाढली’ असे लिहावे. ‘दहा टक्क्यांनी वाढली’ हे लिहिणे गणिताने बरोबर असले तरी वाचणारा ७० चे ८० झाले असे समजण्याचा संभव फार. आणखी असे की साक्षरतेचा भाजक संपूर्ण लोकसंख्या नसतो. १९९१ च्या जनगणनेपासून तो सात वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्तींचा धरला जातो. शासकीय आकडा वाचतानाही ‘कशापैकी?’ असे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांस लावावी.

दशांश स्थळांविषयी थोडेसे. बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याने (२००९) सहावी ते आठवीसाठी वर्षाचे किमान २२० कामाचे दिवस ठरविले आहेत. ज्या योजनेत किमान ७५ टक्के हजेरीची अट असेल तेथे २२० दिवसांच्या वर्षात १६५ दिवस भरले पाहिजेत. एखादी मुलगी १६४ दिवस हजर असेल तर तिची हजेरी ७४.५४५…%, टक्क्याचे बटण दाबताच यंत्र ती ७५% अशी दाखवील. पण त्याच यंत्राला ‘७५ किंवा अधिक’ मुले मोजावयास सांगितली तर ते तिला मोजणार नाही, कारण आतली संख्या ०.७५ हून कमी आहे. मग छापील कागदावर ७५ दिसते, लाभार्थ्यांच्या संख्येत मात्र एक कमी, आणि शिक्षक यंत्र बिघडले असे समजतो. अशा रकान्यात दोन दशांश स्थळे दाखवावीत म्हणजे ७४.५५% दिसेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा तक्ता वर्षअखेरीस नव्हे, दर महिन्यास पाहावा. फेब्रुवारीत १६५ ला किती दिवस कमी पडत आहेत ते कळले तर मुलीच्या घरी जाऊन ते भरून काढता येतात. एप्रिलअखेर कळले तर केवळ आकडा कळतो.

लहान शाळांना शेकडेवारी मुळातच मानवत नाही. पाच मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे २० टक्के. यंदा पाचपैकी चार मुलांस वाचता आले, पुढील वर्षी तिघांस, तर गुणवत्ता ८० वरून ६० वर ‘घसरली’ असे पत्रक म्हणेल. वास्तविक एका मुलास गोवर आला असेल अथवा ते मधल्या काळात मामाच्या गावी राहिले असेल. अशा ठिकाणी शेकड्याबरोबर मूळ संख्या लिहिण्याचा परिपाठ ठेवावा: ‘५ पैकी ४ (८०%)’. तक्त्यात त्यासाठी वेगळा रकाना लागत नाही; पट व प्रत्यक्ष संख्या यांचे रकाने लपवून केवळ शेवटचा रकाना पुढे पाठविण्याची जी प्रथा पडली आहे ती सोडली म्हणजे झाले.

वरिष्ठ प्राथमिक वर्गांत शेकडेवारीचा पाठ घेताना शाळेचेच हजेरीपत्रक हाती घ्यावे. आधी फळ्यावर त्रैराशिकाने दोन वर्गांची शेकडेवारी मुलांकडून काढवून घ्यावी, मग चारही वर्गांची सरासरी व एकूण भागाकार अशी दोन उत्तरे दोन गटांकडून काढवावीत आणि ती का जुळत नाहीत हे त्यांनाच शोधू द्यावे. संगणक असल्यास तेच शेवटी यंत्रावर करावे. नसल्यास फळा पुरतो. मुलांची नावे मात्र या पाठात घेऊ नयेत, वर्ग व संख्या एवढेच घ्यावे. गैरहजर मुलाच्या घरची परिस्थिती वर्गापुढे चर्चेचा विषय होणे बरे नव्हे.

मासिक पत्रक पाठविण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी ई६ या सेलवर टिचकी मारून वरच्या पट्टीत सूत्र काय आहे ते पाहावे. तेथे एव्हरेज दिसल्यास ते पुसून =डी६/सी६ लिहावे, आणि काउंटइफने दाखविलेल्या शून्य हजेरीच्या मुलांची नावे, ती कोठे गेली आहेत या माहितीसह, पत्रकास जोडावीत.